अढी

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार. मुलुंड पूर्व

आज कंपनीतून फोन आला. मी अजून नुसतं 'कंपनी' म्हणतो. मी लागलो तेव्हा ती सह्याद्री कार्टन्स होती, मुलुंडलाच, एलबीएस रोडवर. त्र्याण्णव साली ग्रानव्हिक नावाच्या परदेशी कागद कंपनीने ती घेतली. पुढे ग्रानव्हिकलाही आणखी कुणा मोठ्या कंपनीने गिळलं. आता पाटीवर तीन इंग्रजी अक्षरं आणि एक हिरवं पान आहे. मला निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली. त्या पानाची आणि माझी ओळख नाही.

फोनवर दीप्ती नावाची मुलगी होती, अंधेरीच्या ऑफिसातली.

"सर, कंपनीला दीडशे वर्षं होतायत ना, तर हेड ऑफिस हिस्टरीचं पुस्तक काढतंय. इंडियाला सहा पानं मिळालीयत. आंब्याच्या खोक्याचं पान तुमच्याशिवाय कोण लिहिणार? इन्व्हेंटर तुम्हीच ना त्याचे?"

मी "हो" म्हटलं.

कुंदा म्हणाली, "लिहा की. नाहीतरी दिवसभर औषधांचे खोके उलगडून बघत बसता."

ते खरं आहे. चाळीस वर्षं खोके डिझाइन केले, सवय जात नाही. ही वही त्यासाठीच आणली. पुढून कंपनीसाठी टिपणं, मागून स्वतःसाठी. हे मागचं पान.

७ फेब्रुवारी

दीप्तीने पुस्तकाचा कच्चा भाग पाठवला. अठराशे पंच्याहत्तरला एका थंड नदीकाठी दोन भावांनी चिंध्यांपासून कागद करायला सुरुवात केली. मग चिंध्या संपल्या आणि जंगल सुरू झालं. मग साखरेच्या पिशव्या, युद्धात सैनिकांच्या बिस्किटांचे मेणकागदी पुडे, नंतर दुधाचे खोके. तिसऱ्या पिढीत भावाभावांची नातवंडं भांडली आणि कारखाना घरातून गेला. वाचताना चांगलं वाटतं. फक्त दर दहा वर्षांमागे एक फोटो आहे आणि प्रत्येक फोटोत कोट घातलेला एकेक माणूस. हात खिशात.

भारताच्या पानावर माझा फोटो आहे, अठ्ठ्याण्णव सालच्या कंपनीच्या मासिकातला. हातात आंब्याचा खोका. बारीक होतो तेव्हा.

१२ फेब्रुवारी

खोक्याचं पान लिहायला बसलो. पहिलं वाक्य: 'हापूसच्या निर्यातीसाठी मी हा खोका तयार केला.' खोडलं. 'आम्ही तयार केला.' हे बरं वाटलं.

गोष्ट साधी होती. लाकडी पेट्या परदेशात चालेनात, म्हणून पुठ्ठ्याचे खोके आले. त्यांना बाजूला दोन मोठी गोल भोकं. पण खोके एकमेकांना चिकटून रचले की भोकासमोर शेजारच्या खोक्याची भिंत यायची. आंबा आत गरम व्हायचा, घामेजायचा, तळ भिजून खोका बसायचा. विमानतळावर निम्मा माल काळा पडलेला. गिऱ्हाईक जाणार अशी वेळ आली होती.

आमच्या सॅम्पल टेबलावर सहदेव होता. म्हणजे आम्ही कागदावर काढलेला खोका तो हाताने कापून, दुमडून खरा करून दाखवायचा. मूळचा देवगडकडचा, वडील गिरणीत. साध्या कटरने तो अशी रेघ मारायचा की मशीनने लाजावं. दुपारी डबा आम्ही एकत्र खायचो, त्याच टेबलावर, पुठ्ठ्याचे कपटे बाजूला सारून. बावीस वर्षं. माझी पोळी-भाजी तो खायचा, त्याची माशाची कढी मी. कुंदाला हे कळायला पाच वर्षं लागली. इतरांसमोर तो मला 'कर्णिकसाहेब' म्हणायचा, डबा उघडला की 'श्याम'.

नेमक्या तारखा मला आठवत नाहीत. त्याला पाठ असतील. त्याला शोधायला हवं, तारखांसाठी.

१५ फेब्रुवारी

वाकोल्याला गेलो. सहदेवची चाळ नाही. तिथे निळे पत्रे लावलेत आणि आत खड्डा. वॉचमन म्हणाला, सगळे बिल्डरकडून भाडं घेऊन पांगले.

२२ फेब्रुवारी

परत वाकोला. गल्लीच्या तोंडाशी मालवणी मसाल्याचं दुकान आहे, ते आज बंद होतं.

१ मार्च, शनिवार

दुकान उघडं होतं. दुकानदाराने सहदेवच्या मुलाला, सर्वेशला, फोन लावून दिला. तो जवळच भाड्याने राहतो, दहा मिनिटांत आला. विमानतळावर कार्गोत आहे. चालण्याची ढब अगदी बापाची.

"तुम्ही कर्णिक? बाबा नाव घेतात तुमचं."

"काय म्हणतात?"

"शिव्या नाय घालत, टेन्शन नका घेऊ." हसला. "आईबाबा मनोरीला असतात आता. एका शेटचे दोन बंगले सांभाळतात. बाबांचे हात थरथरतात हल्ली, बाकी झकास. नंबर देऊ?"

नंबर घेतला. घरी आल्यावर कुंदाने विचारलं, "तारखा मिळाल्या?"

"नंबर मिळाला."

"तारखेसाठी कुणी वाकोल्याला तीन फेऱ्या मारत नाही," ती म्हणाली आणि भाजी निवडत बसली.

५ मार्च

फोन केला नाही. पाहुण्यांची गडबड होती.

९ मार्च

पाहुणे जाऊन तीन दिवस झाले. फोन केला नाही.

वहीच्या पुढच्या बाजूला, कंपनीच्या टिपणांत, खोट्याला खोटं जोडत चाललोय, म्हणून इथे तरी सरळ लिहितो.

खोक्यात वारा खेळवणाऱ्या फटी सहदेवच्या होत्या. एके दिवशी डबा खाताना तो म्हणाला, त्यांच्या घरी आंब्याची अढी घातली, म्हणजे पेंढ्यात आंबे पिकायला ठेवले, की बाप रोज मध्ये हात घालून बघायचा. मधला आंबा नेहमी गरम. "वारो मधे जावक होयो," म्हणाला. जेवण झाल्यावर त्याने दोन खोके कापले. गोल भोकांच्या जागी उभ्या अरुंद फटी, अशा मापाने की खोका लांबीने ठेवा की रुंदीने, शेजारच्या खोक्याची फट बरोबर समोर येणार. तळालाही चार. मग तसेच आणखी चौदा कापून सोळा खोके रचले, खाली उदबत्ती लावली, आणि वरच्या खोक्यातून धूर निघाला. मी टेबलावर हात आपटून ओरडलो होतो.

ड्रॉइंग मी केलं. मजबुतीचं गणित मी केलं. पण गणित कुणीही केलं असतं.

ग्रानव्हिककडून फॉर्म आला: नव्या कल्पनेचा मानकरी कोण? नाव, हुद्दा, नंबर. सहदेव कॉन्ट्रॅक्टरच्या रजिस्टरात होता, कंपनीचा नंबर त्याला नव्हता. मी माझं नाव लिहिलं. नावासाठी दोन ओळी होत्या. दुसरी मी मोकळी सोडली.

त्यावर मला त्यांनी पंधरा दिवस बोलावून घेतलं, मूळ गिरणी दाखवायला, त्या नदीकाठी. सप्टेंबर अठ्ठ्याण्णव. परत आल्यावर सहदेव माझ्याशी पूर्वीसारखा राहिला नाही. मलाही वरच्या ऑफिसात काम वाढलं होतं, डबा तिथेच उघडायचो. तो काही कधी वर आला नाही. दोन हजार चार साली मुलुंडचा कारखाना बंद झाला, मशिनं सिल्वासाला गेली, मला अंधेरीच्या ऑफिसात घेतलं. त्याचा शेवटचा दिवस कुठला होता तेही मला माहीत नाही.

१० मार्च

कुंदाला सांगितलं. तिने चहा गाळता गाळता ऐकलं.

"मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"तेव्हापासूनच. सहदेवची शेवंती बोलली होती, हळदीकुंकवाला आली तेव्हा. तक्रार नव्हती हो तिची. सहज बोलली."

"मग तू मला काही म्हणाली नाहीस!"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले," कुंदा म्हणाली. "सत्तावीस वर्षं म्हणजे जरा जास्तच झालं."

रागावली आहे की नाही, कळलं नाही. बिस्किटं काढून दिली खरी.

११ मार्च

दीप्तीला सविस्तर ईमेल केलं. खोका सहदेवचा आहे, नाव त्याचं यायला हवं, माझा फोटो काढून टाका. बटण दाबल्यावर हलकं वाटलं. आता हे पान छापून आलं की पुस्तक घेऊनच मनोरीला जाईन. रिकाम्या हाताने जाणं बरं नाही.

२० मार्च

उत्तर नाही. दुपारी पुठ्ठा घेऊन तो खोका पुन्हा कापून बघितला. माझी फट वाकडी येते. तेव्हाही यायची. तो माझ्या हातातून कटर काढून घ्यायचा.

३ एप्रिल, गुरुवार

दीप्तीने मरोळच्या नव्या ऑफिसात बोलावलं. काचेची खोली, भिंतीवर जंगलाचा फोटो. मुलगी चांगली आहे. माझं ईमेल तिने छापून घेतलं होतं, त्यावर पेनने खुणा केल्या होत्या.

"सर, मी खूप भांडले. पण डिझाइन तुमच्या नावावर रजिस्टर्ड आहे ना. लीगलवाले म्हणतात, आता दुसरं नाव छापलं तर उद्या प्रश्न येतील. आणि तुम्ही लिहून दिल्यावर तुमचंही नाव छापता येत नाही."

"मग?"

तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. सहा पानांची चार झाली होती. आंब्याच्या खोक्याला एक ओळ: 'हवा खेळती ठेवणारा हा खोका मुंबईच्या टीमने विकसित केला.' फोटोत आंबे. माणूस नाही.

"सॉरी सर," ती म्हणाली. "सहदेवकाकांना मी भेटू का? आपण वेगळं काहीतरी करू, ऑफिसच्या मासिकात वगैरे."

मी म्हटलं, त्याला विचारून सांगतो.

रिक्षात बसल्यावर जे वाटलं ते लिहून ठेवतो, कारण ते शोभणारं नाही. सहदेवचं नाव आलं नाही याचं वाईट वाटायला हवं होतं. वाटलंच. पण त्याआधी, अगदी आधी, माझा फोटो गेल्याचं वाटलं.

१४ एप्रिल

आता देण्यासारखं हातात काही उरलं नाही. जायला कारणही उरलं नाही. तारखा आता कुणाला हव्यात? तरी रोज दुपारी साडेबाराला भूक लागते आणि सहदेव आठवतो. हे पूर्वीही व्हायचं का? व्हायचं. अंधेरीच्या ऑफिसात दहा वर्षं मी डबा टेबलावर एकटाच उघडला. लोक म्हणायचे, कर्णिकसाहेब कुणात मिसळत नाहीत. त्या वेळी मला वाटायचं, मला एकटं जेवायला आवडतं.

२४ एप्रिल

कुंदाने न विचारता सर्वेशला फोन केला. मनोरीचा पत्ता एका चिठ्ठीवर लिहून माझ्या चष्म्याच्या घरात ठेवला.

२७ एप्रिल, रविवार, सकाळ. मनोरी

वही बरोबर आणली ते बरं झालं. काल आलो. मालाडहून बस, मार्वेच्या धक्क्यावरून बोट. पाचच मिनिटांची खाडी, पण पाचही मिनिटं मनात भाषण घोकत होतो.

बंगला शोधायला त्रास झाला नाही. फाटकाशी एक म्हातारा नारळाच्या झावळ्या ओढत होता. पाठमोरा होता, तरी ओळखलं. त्याने वळून बघितलं, झावळी खाली ठेवली.

"इलंस?" म्हणाला. जसा काही मी हात धुवायला गेलो होतो.

शेवंतीवहिनी बाहेर आल्या, "अगो बाय, भावजी!" म्हणून परत आत पळाल्या, पाणी आणायला. आम्ही पडवीत बसलो. मी घोकलेलं बोलायला लागलो. फॉर्म, दोन ओळी, मोकळी ओळ, दीप्ती, लीगल, पुस्तकातलं वाक्य. सहदेव ऐकत होता. त्याचा उजवा हात मांडीवर थरथरत होता, तो त्याने डाव्याखाली दाबून धरला होता.

"ता माका म्हायत होता," तो म्हणाला. "मासिक कॅन्टीनात लावल्यानी होता मरे. फोटो बघलंय मी तुझो."

"राग आला असेल."

"नाय कसो येतलो? चार दिवस जेवण गॉड लागला नाय. शेवंती साक्ष आसा. मगे गेलो राग. माझा नाव वाचून तेंका काय कळतला? खोको चललो, आंबो काळो पडलो नाय, झाला."

"मग तू वर का आला नाहीस? माझ्याशी बोलणं का सोडलंस?"

तेव्हा तो माझ्याकडे वळला. सगळ्या दुपारीत एकदाच त्याचा आवाज चढला.

"मी सोडलंय? मी? डबो उचलून वर कोण गेलो? मी थयच बसान होतंय! त्याच टेबलार! रोज वाट बघी होतंय, म्हटलंय आज येतलो, उद्या येतलो, माका सांगतलो ती गिरण कशी आसा, कागद कसो करतत. माझो जल्म गेलो पुठ्ठो कापण्यात. कागद होताना मी कधी बघूक नाय. तू बघून इलंस. आणि माका एक शब्द सांगलंस नाय!"

सत्तावीस वर्षं मी त्या एका मोकळ्या ओळीची लाज बाळगून होतो. आणि त्याला हवं होतं ते माझ्याजवळ फुकट पडलं होतं, रोज दुपारी साडेबाराला देता येण्यासारखं.

"आता सांगू?" मी विचारलं.

"मगे कित्याक इलंस?" तो म्हणाला.

मग मी सांगितलं. मला वाटलं होतं मी विसरलोय. काहीच विसरलो नव्हतो. कुणाला सांगितलंच नव्हतं, त्यामुळे जसंच्या तसं होतं. नदीचं पाणी चहासारखं तांबूस. सगळ्या गावाला कोबी शिजल्याचा वास, पण तिथल्या कुणाला तो येत नाही. एका टोकाला पेजेसारखं पांढरं पाणी जाळीवर सांडतं. मशीन इतकं लांब, की आपल्या कारखान्याच्या फाटकापासून कॅन्टीनपर्यंत जाऊनही पुढे उरावं. आणि दुसऱ्या टोकाला कागद बाहेर पडतो, माणसाच्या तिप्पट रुंद, थांबतच नाही.

"गरम आसता?"

"गरम. इस्त्री करून नुकत्याच हातात घेतलेल्या शर्टासारखा."

"हात लावलंस?"

"लावला. त्यांनी ओरडून मागे ओढलं मला."

सहदेव पोट धरून हसला. मग मी त्याला तिथल्या म्हाताऱ्या कामगाराचं सांगितलं. कागदाचा घरापेक्षा मोठा रोल गुंडाळून झाला की तो हातात लाकडाचा दांडा घेऊन येतो आणि रोलवर ठोकत ठोकत, कान देऊन, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतो. कुठे सैल गुंडाळलंय ते त्याला आवाजावरून कळतं. आपण फणस पिकला का बघतो, तसं.

"फणस!" सहदेव म्हणाला.

"हो. तेच तुला सांगायला मी बाजूला वळलो होतो. 'सहदेव, बघ,' म्हणून तोंड उघडलं, तर बाजूला दुभाषा उभा होता."

समोर माडांच्या मधून खाडी दिसत होती. शेवंतीवहिनींनी ताटं आणली. माझ्यासमोर माशाची कढी ठेवली, त्याच्यासमोर भात. कुंदाने दिलेल्या पोळ्या मी पिशवीतून काढल्या. त्याने न विचारता दोन उचलल्या.

चार वाजता मी निघायला उठलो, तर म्हणाला, "ता ठोकूचा परत सांग." परत सांगितलं. पाणी किती लागतं, लाकूड कुठून येतं, ती माणसं दुपारी काय खातात, सगळं विचारलं. उजेड गेला तरी उठलो नव्हतो. वहिनींनी रहायला लावलं. कुंदाला फोन केला, तर म्हणाली, "तुमचा टॉवेल पिशवीत तळाला आहे."

आता सकाळचे साडेसात. मी पडवीत लिहितोय. फाटकाशी धाकू नावाचा कोळी मासे घेऊन आलाय आणि सहदेव त्याला मासे निवडू देत नाही, बोलतोच आहे. नदी तांबडी. कोबीचा वास. मशीन तर इथपासून थेट धक्क्यापर्यंत. (इतकं नव्हतं.) रोल चार माणसं ठोकतात. (एकच होता.) "बरफ पडी होतो," तो सांगतोय. सप्टेंबरात कसला बर्फ? "आमका हात लावक देत नव्हते, तरी आमी लावलो. गरम! शर्टासारखो!"

धाकूने टोपली खाली ठेवली आणि माझ्याकडे बघून विचारलं, "तुम्ही पण होते काय तिथे याच्यासंगती?"

सहदेव माझ्याकडे बघायला लागला. हात थरथरत होता, यावेळी त्याने तो दाबला नाही.

"होतो ना," मी म्हटलं. "दोघं होतो."